सलोखा समितीचं सोडावॉटर

आमच्या घराण्यात कर्तबगार माणसं मामाच्या बाजूला झाली आणि चांगल्या अक्षराची वडिलांच्या बाजूला. मी वडिलांवर गेलो. म्हणून मामा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा पत्रकं मी लिहिली, आणि निवडणूक होऊन गावात डोकी फुटली तेव्हा सलोखा समितीचा चिटणीसही मीच झालो. अक्षर तेच होतं. आई म्हणायची, "याले काम मिळते ते अक्षराचं. अकलेचं काम निघालं की बोलावतील."

वकिली सुरू करून फार दिवस झाले नव्हते. वकिली म्हणजे काळा कोट घालून अमरावतीच्या कोर्टाच्या आवारात निंबाखाली उभं राहणं. अशिलं माझ्याकडे यायची, पण मामा कुठे बसतात हे विचारायला.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. कायदे नागपूरचे, कागदावर मालकी हैदराबादची आणि हुकूम डिप्टी कमिशनर साहेबाचा. आम्हाला स्वतःचं म्हणून काय होतं तर म्युनिसिपालिटीची निवडणूक. मामांच्या विरुद्ध लाकडाच्या वखारीचे शेठ उभे होते. हे शेठ मुसलमान. मामांचे जुने दोस्त आणि त्याहून जुने अशील. वखारीचे सगळे दावे मामाच चालवत. निवडणुकीच्या ऐन धामधुमीतही एका तारखेला दोघं एकाच टांग्यातून कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत. पत्रकावर मात्र मी 'आपला माणूस' हे दोन शब्द ठळक काढले होते. कोणाचा आपला, हे लिहायची गरज नव्हती. शेठजींच्या उर्दू पत्रकावर काय आहे ते मी एकाकडून वाचून घेतलं, तर तिथेही तेच होतं.

मामा निवडून आले. थोडक्यात आले, म्हणून मिरवणूक मोठी निघाली. बँड मशिदीपुढे आला तेव्हा आत नमाज चालू होती. बँडवाल्यांनी थांबावं असं काही जण म्हणाले, थांबू नये असं जास्त जण म्हणाले. मग दगड आला. तो आतून आला की मागून, यावर पुढे कोर्टात दोन्हीकडून साक्षी झाल्या आणि दोन्ही खऱ्या मानल्या गेल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं गेली. घरं जळाली. जी जळाली ती मामांची नाहीत आणि शेठजींचीही नाहीत.

एक घर बांगड्यावाल्या चाचाचं होतं. चाचा आणि चाची मूळचे जवळच्याच वलगावचे, जातीने मण्यार. अमरावतीत त्यांचं दोन खणांचं घर होतं. पुढच्या खणात बांगड्यांचं दुकान. आमच्या आळीतली एकही बाई अशी नव्हती की जिचा हात चाचीने दाबून पाहिला नाही. "हात ढिला सोड वो बाई, लगन तुह्यं हाय, माह्यं नाही," असं म्हणत ती नव्या नवरीच्या हातात चुडा चढवायची, आणि नवरी रडता रडता हसायची. माझ्या आईचा हात चाचीला पाठ होता. माप लागत नसे. उन्हातून आली की आई तिला पाणी द्यायची, म्हणजे वरून तांब्याने तिच्या ओंजळीत घालायची. चाची ओंजळीने प्यायची, पदराला हात पुसायची आणि पुन्हा तेच ओले हात आईच्या हाताभोवती धरून बांगडी सरकवायची. यात काही विचित्र आहे असं आमच्यापैकी कोणालाही वाटत नव्हतं. चाचीलाही वाटत नसावं. निदान तेव्हा.

त्यांचं दुकान फोडलं तेव्हा सगळा माल गल्लीत सांडला. हिरवा चुरा किती तरी दिवस तिथे होता; बैलाच्या खुरात जायचा, पोरांच्या पायात जायचा. मागचा खण जळाला. चाचा-चाची रातोरात अकोल्याला चाचीच्या भावाकडे निघून गेले. चाचांनी मत कोणाला दिलं होतं? लोक म्हणायचे, तुझ्या मामालाच. मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की उत्तर मिळतं.

त्यानंतर सुरू झाली ती मुत्सद्देगिरी. डिप्टी कमिशनर साहेबांनी बंगल्यावर बैठक बोलावली. दोन्हीकडचे प्रतिष्ठित आले. ज्यांनी दगड मारले ते कोणीच प्रतिष्ठित नव्हते आणि ज्यांना लागले तेही नव्हते, त्यामुळे बैठक अगदी शांततेत झाली. मामा आणि शेठजी शेजारी बसले. समिती निघाली, मी चिटणीस झालो. पहिला ठराव लिहायला घेतला तर 'दंगा' या शब्दावरच सगळे अडले.

"दंगा म्हटलं का कोनीतरी केला असं होते," एक सावकार म्हणाले.

"मग गैरसमज लिहा," मामा म्हणाले.

"गैरसमज में घर नहीं जलता, वकीलसाब," शेठजी म्हणाले. पण हसत म्हणाले.

शेवटी 'दुर्दैवी प्रकार' यावर एकमत झालं. हा प्रकार बाहेरच्या लोकांनी केला, यावर तर आधीपासूनच एकमत होतं. बाहेरचे म्हणजे वलगावचे, असं अमरावतीत म्हणत. वलगावात विचाराल तर बाहेरचे म्हणजे अमरावतीचे. अकोल्याला गेलो तर तिथे दोघांनाही बाहेरचे म्हणत होते.

ठराव साहेबांकडे गेला. साहेब तोवर उन्हाळ्यासाठी चिखलदऱ्याला गेले होते. तिथून त्यांचं उत्तर आलं की त्यांना खेद वाटतो. चिखलदऱ्याच्या हवेत वाटलेला खेद तो. कागदाला गारवा होता. नागपूरहून एक बडे गृहस्थ मोटारीने आले. त्यांना मी चाचाच्या गल्लीत नेलं. बुटाखाली काच करकरली तसे ते दचकून मागे सरले आणि इथेच उभे राहून दिसतं तेवढं पुरे आहे, म्हणाले. त्यांनाही दुःख झालं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की कागदावरचे मालक हैदराबादचे आहेत, तर त्यांना कळवावं. तार केली. कोण्या कारकुनाचं उत्तर आलं: मजकूर पावला. मामांनी ते पुढच्या बैठकीत वाचून दाखवलं आणि सभेने समाधान व्यक्त केलं. मी तसं लिहून घेतलं.

गाव सोडून गेलेल्यांपैकी एक तरी कुटुंब परत आलं पाहिजे, असं साहेबांचं दुसरं पत्र आलं. समितीने चाचा-चाचीला निवडलं, कारण त्यांची कोणाशी दुश्मनी नव्हती. मला अकोल्याला धाडायचं ठरलं. "वकील म्हणून नाही, घरचा म्हणून जा," मामा म्हणाले. घरी आईने सांगितलं, "चाचीले म्हणा, माह्या हातात दोनच बांगड्या उरल्या."

बडनेऱ्याहून गाडी धरून मी अकोल्याला गेलो. चाचीच्या भावाचं घर कापसातली सरकी काढायच्या एका कारखान्यामागे, जिनामागे, होतं. चाचा ओसरीवर बसले होते. मला पाहून उठले, खाट झटकली.

"या, वकीलसाब. बसा."

त्यांनी मला कधी वकीलसाब म्हटलं नव्हतं. लहानपणापासून मी त्यांना 'बाबू' होतो. मी बसलो आणि ठराव वाचू लागलो. चाचांनी तो सगळा ऐकून घेतला. आत चाची भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज माझ्या वाचनाच्या मध्ये मध्ये यायचा आणि काही शब्दांना जास्तच जोरात यायचा.

"याच्यात माह्यं नाव काहून नाही?" चाचा म्हणाले.

"ठरावात कोणाचंच नाव नसतं, चाचा."

"मंग तुमी माह्याकडे काहून आले?"

मी घर बांधून देण्याचं बोललो, पोलिसाचं बोललो. चाचांनी मान हलवली.

"बाबू," ते म्हणाले, आणि मला बरं वाटलं, "आमच्या वलगावात दोन घरायचं बिनसलं, तर मिटते कसं? चूक ज्याची, तो दुसऱ्याच्या घरी जाते, ओसरीवर बसते, त्याच्या घरचं पानी पेते. पेला की झालं. मंग त्या भांडनाचं नाव कोनी काढायचं नाही. काढलं तर गाव त्याले हसते. तुमच्या मामाले सांगा, कमिटीले सांगा, माह्या घरी या. पानी प्या. मले ठराव नाही पाह्यजे, पोलीस नाही पाह्यजे. मी त्याच दिवशी चूल पेटवतो."

आतून थापण्याचा आवाज थांबला.

"नाही पेनार ते," चाची म्हणाली.

"तू चूप राह्य ना."

"मी का म्हनून चूप राहू? मी घराघरात गेली हाय, तुमी दुकानात बसले. मले मालूम हाय कोन कसं पानी देते. घेनार कसे?" मग दारात आली, पिठाचे हात तसेच. "आईले सांगजो बाबू, माह्यी याद करते म्हना." बांगड्यांचं मी सांगितलं. ती हसली नाही. चाचा मात्र गाडीपर्यंत पोचवायला आले आणि वाटेत मला विचारत राहिले, मागच्या खणाची भिंत उभी आहे का, कडुलिंब जळाला का, नळाला पाणी येते का. परत येणारा माणूस असंच विचारतो. मी गाडीत बसलो तो अगदी खुशीत. मला वाटलं, केवढं सोपं मागणं. पैसा नको, कोर्ट नको, फक्त पाणी. मी मनात पुढच्या ठरावाचं अक्षरही पाडायला लागलो होतो.

मामांच्या घरी बैठक झाली. मी अट सांगितली तशी सगळे आपापल्या पानसुपारीकडे वळले. मामा काही वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती, मामीने नंतर सांगितलं. पण आजोबा हयात होते, घरात मुंजीचा मुलगा होता, पुढे मुलीचं लग्न जमवायचं होतं. मण्यार मुसलमानाच्या घरचं पाणी प्यायलो तर आळीतले लोक आमच्या घरचं पाणी प्यायचे थांबले असते. हे सगळं मामांनी बोलून दाखवलं नाही. ते वकील होते, त्यांनी कायदा काढला.

"त्याची अट नेमकी काय? घरी यावं, बसावं, आणि प्यावं. बरोबर?"

"पाणी प्यावं," मी म्हणालो.

"पाण्याचा हेतू काय? एकत्र पिणं. हेतू साधला म्हणजे झालं."

तेव्हा सावकारांना सुचलं. सोडावॉटर. गोळीच्या बाटलीतलं. आमच्या गावातल्या कर्मठ घरांतही सोड्याला विटाळ मानत नसत. बाटली बंद, पाणी यंत्रातलं, हाताचा संबंध नाही. आजारी भटजीसुद्धा पीत. सगळ्यांचे चेहरे उजळले. शेठजींकडे सगळ्यांनी पाहिलं, कारण चाचाच्या बाजूचे म्हणून समितीत तेच होते. शेठजींनी क्षणभर दाढी कुरवाळली.

"चलेगा," ते म्हणाले. "उसको भी एक बोतल दे देंगे."

मी वहीत 'सर्वांनी एकत्र पेयपान करावे' असं लिहिलं. मामांनी पाठ थोपटली. इतका नेमका शब्द माझ्या हातून त्याआधी पडला नव्हता.

चाचाला निरोप गेला की समिती येत आहे, अट मान्य आहे. हा निरोप कोणी कसा दिला मला ठाऊक नाही. सोड्याचं त्यात नव्हतं, एवढं खरं.

ठरल्या दिवशी मी थोडा आधी गेलो. घर ओळखू येत नव्हतं. जळलेला खण पडद्याने झाकला होता, पुढचा खण शेणाने सारवला होता, काचा झाडून एका कोपऱ्यात ढीग करून त्यावर पोतं टाकलं होतं. चाची आली होती. येणार नाही असं म्हणता म्हणता आली होती, आणि तिची तयारी चाचाहून जास्त होती. नवा माठ आणला होता. पितळेचे नवे पेले होते, आमच्याच आळीतल्या कासाराकडचे. राखेने घासून उन्हात उपडे घातले होते. माठात पाणी म्युनिसिपालिटीच्या नळाचं, तेच जे आमच्या घरी यायचं.

"पेले कासाराकडून आनले," ती मला म्हणाली. "आमी त्याच्यात कधी पेलो नाही. नळावरून पानी बी तुमच्या शेजारच्या बाईनं भरून देल्लं. आता तं अडचन नाही ना, बाबू?"

मी काय म्हणालो ते आठवत नाही. 'नाही' असंच काहीतरी म्हणालो असेन.

मग मंडळी आली. मामा, सावकार, शेठजी, साहेबांच्या वतीने तहसीलदार. मागून एक हमाल डोक्यावर लाकडी खोकं घेऊन आला. चाचांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं भेट आणली असेल. त्यांनी हमालाला खोकं नीट ठेवायला जागा दाखवली.

सगळे बसले. मामा बोलले, चांगलं बोलले. आपण एका गावचे, एका नळाचे, असंही म्हणाले. तो शब्द त्यांना तिथेच सुचला असावा. शेठजी उर्दूत बोलले. तहसीलदार थोडक्यात बोलले, त्यांना तिवस्याला जायचं होतं. चाचा आत गेले आणि पेल्यांचं ताट घेऊन बाहेर आले. पेले भरलेले. एका पेल्यातलं पाणी हिंदकळून ताटात सांडलं होतं. ते मामांपुढे वाकले.

त्याच वेळी सावकारांनी पहिली गोळी अंगठ्याने आत दाबली. फुस्स झालं.

मग एकेक बाटली फुटत गेली आणि हातोहात पुढे आली. मामांनी बाटली उचलली, वर धरली, म्हणाले, "चाचा, तुमच्या घरी बसून पितो आहे बरं." आणि प्यायले. शेठजींनीही बाटलीच उचलली. शेठजींना त्या घरचं पाणी प्यायला कोणता धर्म आडवा येत होता, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. माझ्याही हातात बाटलीच होती; वेगळं काही लिहिलं तर आमच्या घरातली माणसं हे पान फाडतील. सोडा नाकात गेला.

चाचा ताट धरून वाकलेलेच राहिले. मग हळूहळू सरळ झाले. कोणीतरी त्यांच्या हातात बाटली द्यायला पाहिली, पण हात ताटात गुंतलेले, म्हणून ती त्यांच्या पायाशी ठेवली.

"मेहरबानी," चाचा म्हणाले. "लय मोठी मंडळी आली."

चाची पडद्याआडून बाहेर आली. आम्हा सगळ्यांच्या देखत तिने नवऱ्याच्या हातातलं ताट घेतलं, आत नेलं, आणि एकेक पेला माठात परत ओतल्याचा आवाज आला.

समारंभ यशस्वी झाला असं तहसीलदारांनी कळवलं. साहेबांचं अभिनंदनाचं पत्र आलं. नागपूरचे गृहस्थ संतुष्ट झाले. हैदराबादला तार गेली, तिथून मजकूर पावला. मी हे सगळे कागद एकत्र शिवले, शिवलेही सुरेख.

घरी गेलो तर आई वाट पाहत होती.

"पानी पेले का?"

मी सांगितलं. मला वाटलं, आता आई मामांना बोल लावेल.

"मी बी पेली नसती," ती म्हणाली. "खोटं काहून बोलू. माह्या हातून झालं नसतं." मग म्हणाली, "पन मी गेलीच नसती रे. बाटली घेऊन कोनी जाते का कोनाच्या घरी?"

चाचा-चाची दुसऱ्या दिवशीच्या गाडीने अकोल्याला परतले. पेले आणि माठ आमच्या त्या पाणी भरून देणाऱ्या शेजारणीकडे ठेवून गेले, वापरा म्हणून. ती बाई ते वापरू शकत नव्हती आणि टाकूही शकत नव्हती. बरेच महिने ते तिच्या परसात पालथे पडून होते. अकोल्याला मी आणखी दोनदा गेलो. ठराव नेला नाही. चाचा खाट झटकत, ख्यालीखुशाली विचारत, आणि मागच्या खणाचं, कडुलिंबाचं काही विचारत नसत. मी आपण होऊन सांगायला लागलो की ऐकून घेत, दुसऱ्याच्या गावच्या गोष्टी ऐकाव्यात तसे.

पुढच्या वर्षी त्यांनी घर विकायला काढलं. घेतलं शेठजींनी. वखार वाढवायची होती. भाव बरा दिला, हे कबूल केलं पाहिजे. आणि कागद करायला चाचांनी मलाच सांगितलं. निंबाखाली उभं राहून मिळालेलं ते माझं पहिलं स्वतःचं काम, मामांचा पत्ता न विचारता आलेलं.

रजिस्ट्रीच्या कचेरीत चाचा एकटेच आले. नवी टोपी घालून आले होते. कारकून खाली मान घालून भरभर विचारत होता आणि लिहीत होता. नाव. बापाचं नाव. धंदा.

"राहणार?"

चाचा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते बोलण्याआधी मी काही बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. कारकुनाने टाक दौतीत बुडवून पुन्हा विचारलं.

"अकोला," चाचा म्हणाले.

कारकुनाने लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाई पुढे सरकवली.